दोरा, नायलॉन आणि यांची बोटं

निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात. आमच्याकडचे निवृत्त हेडक्लार्क मासे धरायला लागले. ज्या घरात सात पिढ्यांत मासा शिजला नाही, त्या घरात आता कपाटामागे गळाच्या काठ्या. बरं, धरलेला मासा परत पाण्यात सोडायचा. म्हणजे देवळालीहून कोल्हारपर्यंत स्कूटर पिटाळायची, प्रवरेतल्या माशाला उगाच छळायचं आणि रिकाम्या हातानं जेवायला यायचं. यांच्यासोबत जाणारे एक ऊसवाले मित्र निदान आपला मासा खायचे तरी.

त्याहून मोठं थोतांड गाठीचं. रिळावर विणलेला बारीक दोरा, पण तो दगडाला घासला की तुटतो म्हणे, म्हणून पुढे वावभर लांबीचा जाड नायलॉन जोडायचा. त्याच्या टोकाला गळ. नायलॉन पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणायचा, दोरा त्याच्यावर एकदा वरून, एकदा खालून असा वीस वेळा गुंडाळायचा, थुंकी लावायची आणि आवळायचा. समोर मोबाईलवर व्हिडिओ. एक गाठ व्हायला तास. तेवढ्या वेळात माझा सगळा स्वयंपाक होऊन ओटासुद्धा पुसून व्हायचा.

गाठ झाली की स्वारी ती घेऊन स्वयंपाकघरात हजर. "बघ गं, घट्ट बसली का?" मला वाटायचं, कौतुक हवंय. कणीक मळता मळता, मान वर न करता मी म्हणायचे, "बसली हो."

आणि दर रविवारी मासा लागला की गाठ सुटायची. मित्र गाठ मारून द्यायला तयार होते, पण यांना दुसऱ्याच्या गाठीवर धरलेला मासा नको. स्वतःच्या गाठीवर एक मासा काठाला आणायचा, एवढाच हट्ट. गाठ सुटली की दोष दोऱ्याच्या कंपनीला. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी शेजारणींना सांगून पोटभर हसायचे.

मग एका रविवारी ते मित्र यांना घेऊन नेहमीपेक्षा लवकर आले. यांच्या उजव्या हाताला गुंडाळलेला पंचा रक्तानं भिजला होता. मासा जोरात पळाला तेव्हा यांनी रिळावरून सुटणारा दोरा बोटांनी धरला आणि त्यानं बोटं खोल कापली. मित्र माझ्याकडे बघेनात. "वैनी, लई रगात गेलं," ते म्हणाले. "मी दाखवलं तवा कुठं यांना कळलं. बोटाला समजलंच न्हाई."

शुगर जुनीच. गोळ्या मीच काढून देते. गाठ बसली की नाही हे यांच्या बोटांना कळत नव्हतं, म्हणून हे दर वेळी माझी बोटं मागायला येत होते, आणि मी कणकेचे हात पुसायचेही कष्ट घेतले नाहीत. लोकांना हसण्यात मात्र मी पटाईत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी यांना डोळे मिटायला सांगितलं. मग नायलॉनचा एक आखूड तंतू घेऊन ते यांच्या डाव्या हाताच्या बोटांना टेकवू लागले. लागलं की सांगायचं. हे लगेच सांगत होते, हजेरी दिल्यासारखं. लागलं. लागलं. मला इतकं हलकं वाटलं की नेहमीचं बोलणं ओठांवर आलं, उगाच एवढी नाटकं केलीत म्हणून.

तेवढ्यात डॉक्टरांनी तो तंतू टेबलावर ठेवला आणि ते हाताची घडी घालून बसले.

डोळे घट्ट मिटून हे म्हणाले, "लागलं."