छताखालच्या अक्का

अक्का सभागृहातल्या झाडून सगळ्या कार्यक्रमांना यायच्या, पण स्टेजकडे एकदाही बघायच्या नाहीत. अगदी मधल्या खुर्चीत बसून मान वर करून छताकडे बघत राहायच्या. टाळ्यांचा कडकडाट झाला की दचकायच्या.

जळगावातलं हे सभागृह त्यांच्याच देणगीचं. नवरा तरुणपणी गेला, मूलबाळ नव्हतं. केळीच्या बागा विकून त्यांनी ट्रस्ट केला. मुंबईच्या आर्किटेक्टने उघड्या काँक्रीटचं, घड्या घातलेल्या कागदासारखं छत उभारलं आणि आत एकही खांब ठेवला नाही. आजही बाहेरगावचे विद्यार्थी त्याचे फोटो काढायला येतात. मी तिथला व्यवस्थापक, मला त्याचा कोण अभिमान! अक्कांनी मात्र त्या छताची धास्तीच घेतली होती.

"घड जड झाला का केळीले बी टेकू देतो आपन," त्या म्हणायच्या. "एवढ्या मोठ्या छताले टेकू नही? खाली पोरं बसता रे भाऊ!"

"अक्का, इतकी वर्षं उभं आहे की," मी चिडवायचो.

"म्हनूनच भेव वाटते. आता म्हातारं झालं ते."

एका शाळेचं गॅदरिंग चालू होतं. बाहेर अवकाळी पाऊस, सोसाट्याचा वारा. अचानक छताचा एक टवका सुटला आणि दोन रांगांच्या मध्ये आदळला. एकच किंकाळी उठली. मी दाराची चौकट धरून उभा होतो. पोरं दारातून बाहेर लोटत होती आणि अक्का जागच्या हलेनात.

"अक्का, उठा!" मी दारातूनच ओरडलो.

"पोरायले काढ पह्यले! जिनं बांधलं तिच्या डोक्यावर पडू दे."

कोणालाही खरचटलं नाही. धुळ्याहून इंजिनिअर आले, त्यांनी हातोडीने सगळं छत ठोकून पाहिलं. "वरवरचं आहे, सळ्या शाबूत आहेत," म्हणाले. डागडुजी झाली.

"साहेब, तुमची पोरं बसवसान का इथं?" अक्कांनी विचारलं.

"बसवीन की."

"मंग मी बी बसते त्यायच्यासंगं."

शेवटपर्यंत बसल्या. गेल्या वर्षी झोपेतच गेल्या.

शोकसभा त्याच सभागृहात झाली. शाळेची पोरंही आली होती. हॉल गच्च भरला, पण मधल्या खुर्चीत कोणी बसेना. मी नेहमीसारखा दारापाशी उभा होतो. शेवटी जाऊन तिथे बसलो आणि वर पाहिलं. डागडुजीचं ठिगळ बरोबर डोक्यावर होतं. समोर पोरं एकमेकांना ढोसत हसत होती. भाषणं कोणी काय केली, मला आठवत नाही. शेवटचं पोर दाराबाहेर पडेपर्यंत मी उठलो नाही.