कानातला शेंदूर

माझा डावा कान सात-आठ वर्षं वाहत होता. आधी खाज, मग ओल, मग उशीवर पिवळा डाग. शहापूरच्या डॉक्टरांच्या थेंबांनी महिनाभर बरं वाटे, की पुन्हा येरे माझ्या मागल्या. पुढे तर बायको डाव्या बाजूने बोलली की तिचे नुसते ओठ हललेले दिसत. उजवाही असाच गेला तर, या भीतीने मी खचलो, आणि खचलेला माणूस भलतंच करतो. आमच्या मारुतीला शनिवारी घातलेलं तेल शेंदरावरून ओघळून खालच्या वाटीत जमतं. ते मी कोमट करून कानात सोडू लागलो. देवाच्या अंगावरचं तेल बाधेल कसं, अशी माझी समजूत. ‘अवो, त्या त्यालानं कान बरा नाय व्हायचा, आनखी सडंल,’ असं बायको ओरडून सांगे. पण पालथ्या घड्यावर पाणी! मी डॉक्टर सोडला आणि त्या हट्टाला श्रद्धा म्हणू लागलो.

त्या वर्षी मुरबाडकडे बहिणीच्या सासरी हरिनाम सप्ताहाला गेलो होतो. दुपारचा वीणेचा पहारा माझ्याकडे आला. सात दिवस वीणा खाली टेकवायची नसते. पुढचा माणूस येऊन ती गळ्यात घेईपर्यंत आपण उभं राहायचं. अर्ध्या तासात कानात कळ उठली आणि मंडप फिरू लागला. पुढचा पहारेकरी जेवायला गेलेला. मी कळवळून म्हटलं, मारुतीराया, मला पाड, पण वीणा पडू देऊ नकोस. तेवढ्यात एक अनोळखी गृहस्थ पुढे आले, माझ्या पाया पडले आणि त्यांनी वीणा आपल्या गळ्यात घेतली.

पहारा उतरल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. ‘माऊली, कानातून लाल काय येतंय? काय घालता तुमी?’ मी खरं ते सांगितलं. ते हसले नाहीत. ‘माझा पन कान असाच व्हता. पडद्यावर दाने आलते. ठाण्याला लेझरनं जाळलं, आता सुका हाय. त्याल बंद करा. देव काय तेवढ्या वाटीतच बसलाय?’ सप्ताहाच्या पत्रिकेमागे त्यांनी डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. नंतर विचारलं, तर ते कोणाचे पाहुणे हे कुणालाच सांगता आलं नाही. मीही जास्त खोलात गेलो नाही.

ठाण्याच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहून विचारलं, ‘हे लाल काय आहे?’ मी मान खाली घालून म्हणालो, ‘शेंदूर.’ त्यांनी कान साफ केला. पडदा शाबूत आहे, पण त्याला जुनी सूज आहे, वरचे दाणे लेझरने काढावे लागतील, ऐकू किती येईल ते आत्ताच सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. कान बधिर करून मला आडवं केलं आणि बजावलं, ‘अजिबात हलायचं नाही.’ आयुष्यभर देवाला मी हे दे, ते दे म्हणत आलो. त्या टेबलावर मात्र काही मागावंसं वाटलं नाही. कान तुझा, डॉक्टरही तुझाच, आता तू बघ, एवढंच म्हटलं आणि फार हलकं वाटलं. डोळे भरून आले, पण मी हललो नाही.

दोनदा लेझर झालं आणि कान कोरडा पडला. दोनेक महिन्यांनी एका सकाळी मी पडवीत बसलो होतो. डाव्या अंगाला बायको पाठमोरी उभी राहून तुळशीला पाणी घालत होती आणि स्वतःशीच पुटपुटत होती. ‘माझे माय, रोज मागत व्हते, तू त्यांचा कान बरा केलास. आता थोडी अक्कल पन दे.’

मला शब्द न् शब्द ऐकू आला. घरात भक्ती करणारा मी एकटाच, असं मी इतकी वर्षं समजत होतो. मी बसल्या जागी हात जोडले, आधी तिला, मग देवाला.