उजव्या खुर्चीतला परमेश्वर

"बघून सांगतो," असं परमेश्वर प्रत्येक गोष्टीला म्हणायचा.

आमच्या भागात पुढारी हे शब्द बोलला की काम होणार नाही असं समजून लोक उठतात. परमेश्वराचं तसं नव्हतं. "वाढू का रं?" असं आई चतुराबाईने विचारलं तरी तो "बघून सांगतो" म्हणायचा, चुलीपाशी जायचा, झाकण उचलायचा आणि मग सांगायचा. बस गेली का, आभाळ धरलंय का, कोकराचा पाय मोडलाय की नुसता मुरगळलाय, काहीही विचारा. तो जाऊन बघणार, येऊन सांगणार, आणि सांगताना पदरचं काही घालणार नाही. लहानपणी या सवयीमुळे तो कुणाला फारसा आवडत नसे. पुढं याच सवयीचा त्याला पगार मिळू लागला.

पालीत, बिंदुसरेच्या धरणाच्या अंगाला, त्याचा बाप बंकट मेंढरं राखतो. त्याचं हे थोरलं पोरगं बीडला शिकलं, गणितात चांगलं निघालं, सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि विमान चालवायला शिकलं. आज परमेश्वर एकोणचाळीस वर्षांचा आहे. बायको मोहिनीसोबत हैदराबादला राहतो आणि सत्तर माणसांचं, पंख्याचं विमान लहानलहान शहरांना नेतो आणतो. म्हणजे ते नेणाऱ्या दोघांपैकी तो एक.

विमानात पुढं दोन खुर्च्या असतात. डावीत कॅप्टन बसतो, त्याच्या खांद्यावर चार पट्ट्या. उजवीत को-पायलट, त्याला तीन. चालवायला दोघांनाही सारखंच येतं. एक खेप याने न्यायची, एक त्याने. फरक एवढाच की काही अडलं तर शेवटचा शब्द डावीकडचा.

हे बंकटने परमेश्वराच्या पहिल्याच सुट्टीत विचारून घेतलं होतं.

"तू कुठल्या अंगाला बसतो?"

"उजव्या."

"आन् मुख्य माणूस?"

"डाव्या."

"लांब असतंय का लई?"

"न्हाई आबा. हात लांबवला की लागतंय."

हात लांबवला की लागतंय म्हटल्यावर बंकटला ते काम वर्षा-दोन वर्षांचं वाटलं. तेव्हापासून पोरगं सुट्टीला आलं, चपला काढल्या, पाणी प्यायलं की तो एकच विचारायचा, "सरकला का?" परमेश्वर म्हणायचा, "अजून न्हाई." असं बारा वर्षं चाललं. गावात कुणी चौकशी केली तर बंकट सांगायचा, "चांगलं चाललंय. एका पट्टीवर अडलंय."

खरी गोष्ट अशी होती की दोन वर्षांपूर्वी परमेश्वर सरकला होता.

परीक्षा पास झाला, चौथी पट्टी लागली, डाव्या खुर्चीत बसला. गावाकडे कळवलं नाही, कारण वर्षभर नीट बसून बघू, मग सांगू, असा त्याचा स्वभाव. सात महिने बसला. सात महिन्यांत त्याच्या हातून एक चूक झाली नाही. एकदा धुक्यामुळे त्याने विमान अर्ध्या वाटेवरून माघारी आणलं, तेव्हा तर वरच्या साहेबाने चांगलं केलं म्हणून चिठ्ठी पाठवली. पण परमेश्वराच्या ध्यानात एक आलं. पूर्वी ढग दिसला की त्याला ढग दिसायचा. आता ढग दिसला की निर्णय दिसायचा. सकाळच्या खेपेला खाली ज्वारीची रानं पसरलेली असत, नदीच्या वळणात धुकं कापसासारखं अडकलेलं असे, आणि उतरल्यावर मोहिनीने विचारलं तर त्यातलं काही आपण बघितल्याचं त्याला आठवत नसे.

त्याने पट्टी परत दिली. त्यासाठी कंपनीत छापील अर्ज नव्हता, कारण असं पूर्वी कुणी मागितलं नव्हतं. त्याने कोऱ्या कागदावर लिहून दिलं. साहेबाने ते दोनदा वाचलं, तब्येतीची चौकशी केली, घरची चौकशी केली आणि शेवटी चहा मागवला. "लोक या खुर्चीसाठी देश सोडतात," साहेब म्हणाला. परमेश्वर म्हणाला, "हो." चहा झाल्यावर तो उजवीकडे जाऊन बसला.

आणि तिथं तो इतका रमला की बघणाऱ्याला चीड यावी. उडण्याआधी विमानाभोवती चक्कर मारायची असते, टायर, पंखे, कुठं तेल गळतंय का ते बघायला. ती चक्कर तो देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी सावकाश घालतो. त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान कॅप्टन डावीकडे बसतात. पावसाळा लागला की त्यांच्यातले शहाणे आपल्या शेजारी परमेश्वर मिळावा म्हणून खटपट करतात. कारण घाबरलेला माणूस आधी बोलतो आणि मग बघतो. परमेश्वराचं उलटं आहे.

हे सगळं पालीत सांगायचं तेवढं राहिलं होतं. "सरकला का?" "अजून न्हाई." हे उत्तर दहा वर्षं खरं होतं, आता ते धड खरं नव्हतं आणि धड खोटंही नव्हतं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला असलं अर्धं उत्तर फार जड जातं. यंदाच्या जानेवारीत तो चार दिवसांची सुट्टी काढून आला तो बापाला समोर बसवून सांगायचंच असं ठरवून.

पण फाट्यावर बसमधून उतरला आणि समोर त्याला तो स्वतःच दिसला, आठ फूट उंच.

फ्लेक्स होता. 'पालीचे भूषण, कॅप्टन परमेश्वर यांचा सव्वीस जानेवारी रोजी शाळेच्या पटांगणात भव्य सत्कार.' डोकं परमेश्वराचं, धड दुसऱ्या कुणाचं, खांद्यावर चार पट्ट्या, मागं लढाऊ विमान. खाली शुभेच्छुक म्हणून गहिनीनाथराव, माजी सरपंच. गहिनीनाथरावांचं सरपंचपद जाऊन अकरा वर्षं झाली. त्यानंतर गावाला तीन सरपंच झाले, त्यांची नावं सांगताना लोक अडखळतात. सरपंच म्हटलं की गहिनीनाथरावच.

परमेश्वर तसाच पिशवी घेऊन त्यांच्याकडे गेला. फ्लेक्स करणारा तानाजी, त्याचा शाळेतला सोबती, तिथंच खुर्चीवर बसलेला होता.

"सरपंच, मी कॅप्टन न्हाई," परमेश्वर म्हणाला. "को-पायलट हाय. तीन पट्ट्या."

"विमान तूच चालवतो ना?" गहिनीनाथरावांनी विचारलं.

"दोघं मिळून."

"मग झालं की."

"न्हाई झालं. खोटं हाय ते."

तानाजी म्हणाला, "बे, तुझं धड बी खोटं हाय. त्याचं काय न्हाई वाटलं तुला?"

गहिनीनाथरावांनी थोडा विचार केला. "खोटं नको. बरोबर हाय पोराचं. तानाजी, वर 'भावी' चिकटव."

तानाजीने तासाभरात शिडी लावून 'भावी' चिकटवलं. आमच्याकडे भावी आमदार असतात, भावी सभापती असतात, एकेक जण वीस-वीस वर्षं भावी असतो, त्यात खोटं असं कुणी धरत नाही. बंकट मात्र मेंढरं घेऊन त्याच वाटेने आला, थांबला, एकेक अक्षर लावून वाचलं.

"भावी म्हंजी होणार ना?"

"हा," तानाजी शिडीवरून म्हणाला.

"कवा?" हे त्याने पोराकडे बघून विचारलं.

परमेश्वर म्हणाला, "चला, मी बी येतो मेंढरांमागं."

दिवस कलला होता. धरणाचं पाणी खाली सरलेलं, उघड्या पडलेल्या गाळपेरावर हरभरा हिरवागार. बापलेक कळपामागून चालत होते. मेंढपाळांची चालायची एक रीत असते. एकाने कळपापुढं चालायचं, वाट काढायची. एकाने मागं राहायचं, लंगडं, दुखरं, नुकतं व्यालेलं बघत यायचं. बंकट जन्मभर मागं चालला, पुढं त्याचा भाऊ असायचा. परमेश्वराने हैदराबादेपासून हेच मनात जुळवत आणलं होतं.

"आबा, तुमी कायम मागंच चाललात. पुढं व्हावं असं कवा वाटलं न्हाई तुमाला."

"कोण म्हणतंय?"

परमेश्वराने मान वळवून बापाकडे बघितलं.

"पाय आधू हाय माझा," बंकट म्हणाला. "पुढच्याला भरभर चालावं लागतंय. मला काय मागं चालायची हौस होती व्हय? भावाच्या पाठीकडं बघत जलम गेला. तुझे पाय तर धड हायत."

हैदराबादेपासून जुळवत आणलेलं तिथंच संपलं. परमेश्वराकडे आता नुसतं खरं तेवढं उरलं.

"मी झालतो कॅप्टन," तो म्हणाला. "सात महिने. मागल्याच्या मागल्या साली."

बंकट थांबला. मेंढरं थांबली नाहीत.

"काढलं?"

"न्हाई. मीच सोडलं."

"दारू पितो का?"

"न्हाई."

"इमान आदळलं कुठं?"

"न्हाई आबा."

"मग कावून?"

"आवडलं न्हाई."

आवडलं नाही हे कारण पालीत आजवर फक्त भाजीला लागू झालेलं होतं. बंकटने ते ऐकलं, काठी या हातातून त्या हातात घेतली आणि कळप गाठायला निघाला. आधू पाय जास्त ओढत होता. घरी येईपर्यंत तो बोलला नाही. चतुराबाईने दोघांकडे बघितलं आणि दोघांनाही न विचारता भाकरी वाढली. दुसरा दिवसही तसाच गेला. परमेश्वराने मेंढवाड्याचं कुंपण बांधलं, दोन कोकरांना औषध पाजलं, बापाच्या समोरून चार वेळा गेला. बाप त्याच्याकडे असा बघत होता, जसा ओळखीचा माणूस परक्या गावात भेटावा.

सव्वीस तारखेला सकाळी गाव शाळेकडे निघालं तेव्हा फ्लेक्सवरचा 'भावी' नव्हता. तिथं 'माजी' होतं.

"कुणी केलं?" परमेश्वराने तानाजीला विचारलं.

"तुझा बाप आलता सकाळी घरी. म्हणाला, होऊन गेलाय, भावी लावू नको." तानाजीने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बे, एवढी मोठी गोष्ट, आन् बोलला न्हाईस?"

परमेश्वराला वाटलं होतं गाव हसेल. गावाने त्याला वाट करून दिली. भावी कुणीही असतो. माजी व्हायला एकदा व्हावं लागतं, हे पालीला कुणी शिकवायची गरज नव्हती. दोन म्हाताऱ्यांनी त्याला रामराम घातला, जो परवा घातला नव्हता. गहिनीनाथरावांनी त्याला आपल्या शेजारी बसवलं आणि कानात सांगितलं, "आता तुला कुणी काढू शकत न्हाई."

झेंडा झाला. फेटा बांधला, बापलेक दोघांना शाली घातल्या, नारळ दिला. मग सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी वडिलांना दोन शब्द बोलायला बोलावलं. बंकट उठला. त्याला शाल सांभाळता येईना, ती त्याने घडी करून काखेत मारली. मग तो माईकपुढं जाऊन उभा राहिला. समोर सगळं गाव, चौथीची पोरं रांगेत बसलेली.

"पोरगं कॅप्टन झालं," बंकट म्हणाला. "मग त्याला ते आवडलं न्हाई."

पुढं काही बोलेल म्हणून लोक थांबले.

"आता को-पायलट हाय. ते आवडतंय त्याला." एवढं बोलून तो खाली उतरला. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला ठरवता आलं नाही. गुरुजींनी आधी वाजवल्या, मग पोरांनी.

त्याच दुपारी परमेश्वराला निघायचं होतं. बंकट मेंढरं घेऊन रस्त्याच्या कडेला आला. चतुराबाई दारातच थांबली.

"पगार कमी झाला असंल," बंकट म्हणाला.

"झाला."

"मोहिनी काय म्हणती?"

"तिला चालतंय."

"मला न्हाई पटलं," बंकट म्हणाला. "पटायचं बी न्हाई. लोकांत बोललो म्हणून पटलं असं समजू नको."

"न्हाई समजत."

"आन् दर खेपंला आता काय विचारू तुला?"

परमेश्वराने वाकून बापाच्या पायाला हात लावला, पिशवी खांद्यावर घेतली आणि फाट्याकडे चालू लागला. चालण्यात घाई नव्हती, मंदपणाही नव्हता. उन्हात पांढरा शर्ट दूरवर दिसत होता. बंकट बघत राहिला. दारातून चतुराबाई बघत होती, ती परमेश्वराकडे नव्हे, बंकटकडे. शर्ट झाडीआड गेला तरी बंकट हलला नाही, आणि तेवढ्यात त्याची सगळी मेंढरं शेजारच्या हरभऱ्यात शिरून निम्मा वाफा खाऊन गेली.