बाबांच्या हातातला चमचा

काल शेजारच्या घरातून उकड्या तांदळाच्या पेजेचा वास आला आणि मला देवगडच्या आमच्या पडवीतली एक जुनी सकाळ आठवली.

बाबांना पक्षाघात होऊन दोन महिने झाले होते. जन्मभर जाळी ओढलेला त्यांचा उजवा हात मांडीवर निपचित पडून असायचा. कणकवलीच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं, सांडलं तरी चालेल, पण त्यांचं त्यांना जेवू द्या. त्या सकाळी आत्या त्यांना भेटायला आली होती. तिच्यासमोरच बाबांनी पहिल्यांदा उजव्या हातात चमचा नीट धरला. हात थरथरत वर आला. अर्धी पेज सदऱ्यावर सांडली, उरलेली ओठांपासून वीतभरच लांब होती.

आत्या मला म्हणाली, "घरात चेडू आसताना बापूस असो सांडत जेवता?"

चेडू म्हणजे लेक, म्हणजे मीच. मी शरमले. पुढे होऊन त्यांच्या हातातला चमचा काढून घेतला.

"ऱ्हव गो, माका जमतला," बाबा जड जिभेने म्हणाले.

"मी आसंय मां, बाबांनू," म्हणत मी त्यांना भरवलं. त्यांनी मुकाट्याने गिळलं आणि हात परत मांडीवर ठेवला. तेव्हा वाटलं, आत्यासमोर मी त्यांची लाज राखली. खरं तर मला माझीच राखायची होती.

त्यानंतर कितीदा चमचा हातात दिला, तरी त्यांनी तो धरला नाही. नुसतं तोंड उघडायचे. ते जाईपर्यंत चार वर्षं मी भरवत राहिले, आणि लेक असावी तर अशी, असं वाडीतले सगळे म्हणत राहिले.