निळा रंग लिंकला दिलेला आहे

जबलपूरनगरीतल्या समस्त सुज्ञ स्त्री-पुरुषांना कळवण्यात येते की, आज येथे एका वेबसाइटच्या बटणांच्या रंगाविषयी अत्यंत गंभीर निवेदन होणार आहे. कृपया मोबाइल बंद ठेवावेत.

हसलात? हसा. मी जन्मभर हेच केलं — आधी हसवायचं आणि समोरचा हसत असतानाच निसटायचं. पण ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. आणि आता सांगायला बसलो, तर पुन्हा दवंडीच पिटतो आहे. काय करावं या माणसाचं?

मी सुनील कुमार. आडनाव कॉलेजातच गाळलं. इकडे अर्धं शहर कुमार आहे, कुणी खोदून विचारत नाही. इथल्याच गोरखपूर भागातल्या बाजारात एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर वेबसाइट बनवणारं ऑफिस आहे, तिथे मी डिझाइनचं काम बघतो. पहिल्या दिवशी मालकांनी विचारलं, मराठी हो? हो म्हटलं. ते म्हणाले, "अच्छा, तो पंडितजी हुए." मी काय केलं? काहीच नाही. नुसता हसलो. हसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे — नाही का?

आम्ही बौद्ध. आजोबा नागपूरकडून आले, बाबा इथल्या कारखान्यातून रिटायर झाले. शहराच्या महाराजपूर वस्तीतल्या आमच्या घरी ते सकाळी वंदना म्हणत असायचे आणि मी खाली स्कूटर काढून पंडितजी व्हायला निघायचो. भूमिका वाढतच गेली. ॲसिडिटीमुळे मटण सोडलं होतं, तेही सोवळ्यात जमा झालं. नवी साइट सुरू झाली की नारळ मी फोडायचा. आरतीच्या दोन ओळी येत होत्या, पुढे नुसते ओठ हलवायचो. काय रंगायचा तो प्रयोग — मला मजा यायची, हे लपवत नाही.

मग प्रज्ञा आली. आमच्याच गल्लीतली, तिचे वडील बाबांचे कारखान्यातले सोबती. नोकरी मीच लावून दिली. लहानपणापासून मला काका म्हणायची. पहिल्या दिवशी जिन्यातच मी तिला सांगितलं, ऑफिसात सर म्हण, घरच्या गोष्टी घरी. तिने मान हलवली. काहून, असंही विचारलं नाही. तिला सगळं कळलं होतं, आणि मला फार बरं वाटलं. कसलं बरं वाटलं असेल हो?

त्या वर्षी कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाचं काम आलं. साइट एकच, पण रंगांच्या थीम अनेक हव्यात — रोजची पांढरी, रात्रीची काळी, शिवाय होळी, ईद, दिवाळी, नाताळ. हे करायची रीत मीच प्रज्ञाला शिकवली. रंगाला रंगाचं नाव द्यायचं नाही, कामाचं द्यायचं. मुख्य रंग, मागचा रंग, लिंकचा रंग, इशाऱ्याचा रंग. थीम बदलली की कामं तीच राहतात, रंग बदलतात; नट तेच, कपडे दुसरे. तिने ते माझ्यापेक्षा सुरेख केलं. होळीत तर लिंकसुद्धा गुलाबी व्हायच्या, आणि एक अक्षर वाचायला त्रास नाही.

शेवटच्या मीटिंगला सगळे बसले होते. भिंतीवर एकेक थीम दिसत गेली, लोक वा वा करत होते. मालकांनी सहज विचारलं, और कोई त्योहार छूटा? प्रज्ञा म्हणाली, "सर, चौदह अप्रैल को जयंती रहती है न, उसकी भी बना दी है." आणि साइट निळी झाली. सुंदर होती. स्वच्छ, भरदार निळी. खोलीत कुणी वाकडं बोललं नाही. मालकांना आक्षेपही नव्हता — त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. पंडितजी, आप बताइए.

प्रज्ञाही माझ्याकडेच पाहत होती. खुशीत होती.

मी चष्मा पुसला. निळा रंग लिंकला दिलेला आहे, असं हिंदीत म्हणालो. साइट निळी केली तर लिंक कुठली आणि बटण कुठलं, गिऱ्हाइकाला कळणार नाही. सिस्टिम बिघडेल. हे धादांत खोटं होतं, आणि त्या खोलीत ते कळणारी दोनच माणसं होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटतं, मी एक विनोदही केला. लोक हसले होते, एवढं आठवतं.

तेव्हा प्रज्ञा एक वाक्य बोलली. मराठीत, भरकन, तोंडातून निसटावं तसं. मालकांना कळलं नाही. क्या बोली बिटिया? मी म्हणालो, कह रही है, हटा देगी. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सगळ्यांसमोर ती थीम काढून टाकली. तिच्या मनात असतं तर दोन शब्दांत तिने माझा पंडितजी संपवला असता.  पुढे काही महिन्यांनी ती नोकरी सोडून नागपूरला गेली.

मी अजून तिथेच आहे. नारळ फोडतो.

ती सणासुदीला घरी येते. गल्लीत दिसलो, की थांबून, हात जोडून म्हणते, नमस्ते सर. चारचौघांत, माझ्या दारात. एकदा बाबांनी विचारलं, "काहून रे, ही तुले सर म्हणून राहिली?" मी म्हणालो, ऑफिसची सवय. बाबांना पटलं. त्यांना माझं सगळंच पटतं.

आणि त्या दिवशी ती जे बोलली, ज्याचं मी 'हटा देगी' केलं, ते वाक्य हे होतं —

"पण काका, हा निळा तर मी तुमच्याच घरच्या झेंड्याचा फोटो काढून घेतला न."