लेखकाच्या रकान्यात

कॉलेजच्या ग्रंथालयात आज एका जुन्या इंग्रजी कादंबरीचं कार्ड पाहिलं. लेखकाच्या रकान्यात कुणीतरी 'टीव्ही मालिका' असं लिहिलं होतं.

ती लिहिणाऱ्या ब्रिटिश लेखकाने आयुष्यभर टीव्हीवरच्या मालिकांवरून कादंबऱ्या लिहिल्या. मुखपृष्ठावर नटाचा मोठा चेहरा, याचं नाव मुंगीएवढं. परवा वर्गात आवडता लेखक म्हणून मी तेच नाव सांगितलं, तर सर हसले. "अगं, तो कसला लेखक? दुसऱ्याची गोष्ट उतरवून काढतो तो!" मग सगळा वर्ग हसला. मी खाली बसले.

मला साहित्य कळत नसेलही. पण सर, आमच्या घरी टीव्ही नव्हता. ही कादंबरी जिच्यावरून लिहिली, ती मालिका मी कधीच पाहिली नाही. त्यातलं धुकं, ती दाराची करकर, सगळं मला त्याच्या वाक्यांतूनच दिसलं. ज्यांना सगळं पाहायला मिळालं, त्यांनीच का ठरवायचं, लेखक कोण ते?

मी पेन काढलं.

"ए, कार्डावर खाडाखोड करायची नाही हं," ग्रंथपाल मॅडम ओरडल्या.

"चूक दुरुस्त करतेय, मॅडम."

त्याचं पूर्ण नाव लिहिलं. पेन इतकं दाबलं गेलं, की अक्षरं कार्डाच्या मागेही उमटली.