अर्जाला टाचलेला कागद
शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. तुळजापुरातलं आमचं बांगड्यांचं दुकान बुडालं, कोर्टानं आमच्या यांना नादार ठरवलं आणि पुढं कर्जातून मोकळंही केलं. मग मी शिवणकाम करायचं ठरलं. मशीन हप्त्यानं मिळावं म्हणून आम्ही दोघं दुकानात अर्ज घेऊन गेलो. वर पत्रे तापलेले, समोर तेलानं चकाकणारी काळी मशिनं. यांनी मोठ्या भरवशानं कोर्टाचा कागद अर्जाला टाचला होता. "आता आमच्यावर कुणाची पैसुद्धा न्हाय, शेटजी," हे म्हणाले. शेटजीनं तो कागद गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवला. "लोकांचे पैसे बुडवल्याचा दाखला जोडून उधारी मागायला आलेत!" सगळे खदाखदा हसले. याच शेटजीच्या लेकीचा लग्नातला हिरवा चुडा, करवल्यांच्या बांगड्यांसकट, आमच्याकडून उधारीवर गेला होता आणि त्यातला छदामही आला नव्हता. ते बोलायला मी तोंड उघडलं, तर यांनी माझा हात दाबला, कागद उचलला आणि त्या माणसाला रामराम करून मला बाहेर आणलं. रस्त्यात म्हणाले, "लेकीच्या चुड्याचे पैसे बापाला मागू नयेत." आमचं दुकान कशानं बुडालं ते मला तिथं, भर उन्हात कळलं. पुढं रोख पैसे साठवून मी मशीन घेतलंच. आजही त्याला तेल घालताना शेटजीला शिव्या घालते, पण त्याच्या आधी दोन शिव्या भिंतीवरच्या यांच्या फोटोला.